थकतं ते लक्ष

पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले दोन रुग्ण आहेत. खोल्या सारख्या, परिचारिका त्याच, खिडकीही दोघांना. पण एकाच्या खिडकीतून झाडं दिसतात, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी चाळून रॉजर उलरिक यांनी अशा रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हा निबंध १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. नमुना लहान होता हे खरं. पण निसर्गाच्या सहवासाकडे मोजण्याजोगी गोष्ट म्हणून पाहण्याला त्यानं मोठं बळ दिलं.

‘मला थोडं बाहेर जायला हवं,’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय थकलेलं असतं? रेचेल आणि स्टीफन कॅप्लान या मानसशास्त्रज्ञांचं उत्तर मला सगळ्यात पटतं: थकलेलं असतं ते लक्ष. हिशेब तपासताना, गर्दीतून वाट काढताना मेंदू एका गोष्टीवर टिकून राहण्यासाठी बाकीच्या दहा गोष्टी सतत बाजूला सारत असतो. हे काम दमवणारं आहे. वाऱ्यानं हलणारी पानं, वाहतं पाणी, ढग यांच्याकडेही लक्ष जातं, पण ते आपसूक जातं, त्यासाठी जोर लावावा लागत नाही. तेवढ्या वेळात जोर लावणारी यंत्रणा विसावते.

हे तपासणारा २००८चा एक प्रयोग फार सुरेख आहे. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना कधी वृक्षोद्यानातून, तर कधी वर्दळीच्या रस्त्यावरून सुमारे पाऊण-एक तास चालवून आणलं. ऐकलेले आकडे उलट क्रमानं म्हणून दाखवण्याची चाचणी चालण्याआधी आणि नंतर घेतली. झाडांतून चालून आल्यावर गुण ठळकपणे वाढले, रस्त्यावरून आल्यावर तसे वाढले नाहीत. विशेष म्हणजे कडाक्याच्या थंडीत चालणाऱ्यांना ते चालणं फारसं रुचलं नव्हतं, तरीही लाभ तेवढाच झाला! म्हणजे हा लाभ नुसत्या मजेतून आलेला नव्हता.

जपानच्या वनखात्यानं १९८२ साली ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नान हा शब्द रूढ केला. जंगलात सावकाश चालायचं, वास घ्यायचा, ऐकायचं, एवढंच. झाडांतून बाहेर पडणाऱ्या सुगंधी द्रव्यांमुळे रोगप्रतिकारक पेशी वाढतात, असे काही प्रयोग सांगतात. त्यांतली माणसं मात्र मोजकी होती, म्हणून त्या दाव्यावर मी अजून फार भार टाकणार नाही.

मग लांबच्या सुट्टीचं काय? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ५४ नोकरदारांचा पाठपुरावा केला. सुट्टी सरासरी २३ दिवसांची होती. प्रकृती आणि मन यांचा आलेख साधारण आठव्या दिवशी शिखराला पोहोचला, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मूळ पातळीवर आला. सुट्टी वाया जाते असं नव्हे, पण ती साठवून ठेवता येत नाही. झोपेसारखंच आहे हे: वर्षातून एकदा भरपूर झोपून भागत नाही.

मग हा विसावा वारंवार घ्यायचा तर किती? इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत, आठवड्याला १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये प्रकृती चांगली असल्याचं सांगणारे जास्त आढळले. तो वेळ सलग घ्या की तुकड्यांनी, फरक दिसला नाही. धडधाकट माणसंच जास्त बाहेर पडत असतील, ही शंका अशा पाहणीत उरतेच.

या वेळाला श्वासाची जोड देता येते. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना व्हेगस नावाची चेता (मज्जातंतू) तिला लगाम घालते. उच्छ्वास लांबवत मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की ही लय चांगली ठळक होते. झाडाखाली बसून पाच मिनिटं तसं करून बघा, फोन बाजूला ठेवून.

तरी आपण बाहेर पडायला टाळाटाळ का करतो? कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात इमारती जोडणारी भुयारं आहेत. २०११च्या एका अभ्यासात काही जणांना त्या भुयारांतून, तर काहींना बाहेरच्या झाडीतून चालायला लावलं. बाहेरचे जास्त प्रसन्न होऊन आले. पण ज्यांना आधीच अंदाज बांधायला सांगितलं होतं, त्यांनी झाडीतल्या फेरीचा आनंद प्रत्यक्षापेक्षा कमीच धरला होता.