सेराडो सवानातील अतिरिक्त फॉस्फरस

मध्य ब्राझीलमधील सेराडो या सवाना प्रदेशात मृदेत बाहेरून आलेल्या फॉस्फरसाचा तेथील मूळ वनस्पतींवर होणारा परिणाम. ‘अतिरिक्त’ हा शब्द येथे सापेक्ष आहे. पिकाला जेमतेम पुरणारी मात्राही या वनस्पतींच्या मानाने फार ठरते.

येथील लॅटोसॉल मृदा अतिशय जुनी, झिजलेली व आम्लधर्मी असून तिच्यातील लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे फॉस्फेट (फॉस्फरसाचे संयुग) घट्ट धरून ठेवतात, म्हणून वनस्पतींना फॉस्फरस कमीच मिळतो. झाडांची जाड, चिवट पाने कशामुळे, हा जुना वाद आहे. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ यूजेन वार्मिंग यांनी १८९२ मध्ये सेराडोतील लागोआ सांता या ठिकाणाच्या वर्णनात कोरड्या ऋतूवर भर दिला. साधारण १९४० च्या दशकात फेलिक्स रॉव्हिशर यांना मात्र त्या ऋतूतही खोल थरांत पाणी आढळले. कित्येक झाडांची पर्णरंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) तेव्हाही उघडी होती, म्हणजे त्यांना पाणी वाचवावे लागत नव्हते. पुढे कार्ल आरेन्स यांनी पोषणटंचाई हे कारण मांडले आणि १९७१ च्या सुमारास रॉबर्ट गुडलँड यांनी ॲल्युमिनियमच्या विषारीपणाकडे लक्ष वेधले. खताला मिळणारा प्रतिसाद पाहता टंचाईचे मत अधिक पटते, मात्र एकाच कारणाने सगळा उलगडा होत नाही.

टंचाईत वाढलेल्या काही वनस्पतींना फॉस्फरसाचे शोषण आवरता येत नाही. ऑस्ट्रेलियातील हेकिया या प्रोटिएसी कुलातील झुडपात हे स्पष्ट दिसते: पाने पिवळी पडतात, त्यांवर मृत ऊतींचे डाग पडतात आणि ती अकाली गळतात. सेराडोत याच कुलातील रूपाला आढळते, पण कुलातील साऱ्याच जाती सारख्या संवेदनशील नसतात.

सेराडोत अधिक हानी स्पर्धेतून होते. ब्राझीलियाजवळच्या खतप्रयोगांत नायट्रोजन व फॉस्फरस एकत्र दिलेल्या तुकड्यांत मेलिनिस मायन्यूटिफ्लोरा हे आफ्रिकी गवत शिरले. त्याची केसाळ पाने हाताला चिकटतात, त्यांना काकवीसारखा वास येतो. त्याच्या दाट थराखाली मूळ गवतांना व बुटक्या वनस्पतींना उजेड मिळत नाही. वाळल्यावर वणवाही अधिक भडकतो.

१९७० च्या दशकापासून चुना व फॉस्फेट खतांच्या बळावर येथे शेती पसरली. ऑक्साइडांना चिकटलेले फॉस्फेट पावसाने सहज वाहून जात नाही, त्यामुळे नांगर थांबल्यावरही ते वर्षानुवर्षे उरते. म्हणून पडीक कुरणात मूळ गवतांचे बी पेरण्याआधी आफ्रिकी गवते काढावी लागतात, आणि पेरल्यानंतरही ती पुन्हा उगवतात.