जर, गोधडी आणि ‘स्मार्ट’ कापड : पार्श्वभूमी

हात लावला की दिवा लावणारा पडदा, कोणी बसल्याचे ओळखणारी सतरंजी. अशा ‘स्मार्ट’ किंवा संवादी कापडाची गोष्ट बहुतेक ठिकाणी परदेशी प्रयोगशाळेपासून सुरू होते. खानदेशातल्या माणसाने ती बऱ्हाणपूरपासून सुरू करायला हवी.

1601 मध्ये असीरगड पडला आणि मुघलांच्या खानदेश सुभ्याचे बऱ्हाणपूर (आज मध्य प्रदेशात) मुख्य ठाणे झाले. तिथली सोन्या-चांदीच्या तारांची तलम वस्त्रे इराण-तुर्कस्तानपर्यंत जात, असे सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. चांदीची तार ओढून चपटी करायची, रेशमी धाग्यावर गुंडाळायची, वर सोन्याचा मुलामा द्यायचा, हा खरा जर. विणकराला चकाकी हवी होती. पण धाग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग धातू असला की त्यातून वीज जाते, आणि संवादी कापडाला नेमका असाच धागा लागतो.

पुढचा गिरण्यांचा काळ जळगाव, अमळनेर, धुळ्याच्या वाचकाला सांगायला नको.

1997 च्या सुमारास एका अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी कापडी कळफलक केला. त्यासाठी घेतलेल्या ऑर्गंझात (तलम, पारदर्शक कापडात) उभा धागा साधा रेशमी होता, तर आडव्या रेशमी धाग्यावर तांब्याची पातळ पत्री गुंडाळलेली होती. असे कापड भारतात फार पूर्वीपासून विणले जाते, हे त्यांनीच नोंदवले. नंतरच्या बहुतेक लेखांतून नेमकी ही ओळ गळाली, याची खंत वाटते. 2007 मध्ये सुई-दोऱ्याने शिवता येणारे गोल सर्किट बाजारात आले. कडेच्या भोकांतून विजेचा धागा ओवायचा आणि टाके घालायचे, एवढेच काम. गोधडी शिवणारा हात ते सहज करू शकतो.

खरा गोंधळ ‘स्मार्ट’ या शब्दाचा आहे. 2011 च्या एका युरोपीय मानक अहवालाने दोन गट वेगळे केले. कापडात एखादा खास गुण घातला, म्हणजे ते पाणी अडवते किंवा वीज वाहून नेते, तर ते कार्यात्मक. आजूबाजूला काय घडते हे ओळखून ते प्रतिसाद देत असेल, तरच स्मार्ट. या हिशेबाने जरीचा पदर स्मार्ट नाही. स्पर्श ओळखून उशाचा दिवा लावणारी गोधडी मात्र आहे. उष्णतेने रंग बदलणारे कापडही स्मार्टच, त्यात विजेचा संबंध नसला तरी. म्हणून ‘ई-वस्त्र’ (विजेचे सर्किट असलेले कापड) आणि ‘स्मार्ट वस्त्र’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणे चूक आहे. मला ‘संवादी’ हा शब्द बरा वाटतो, कारण तो कापड काय करते ते सांगतो.

‘जर’ या शब्दातही असाच पेच आहे. आज दुकानात मिळणारा स्वस्त जर बहुधा प्लास्टिकच्या पट्टीचा असतो. तिच्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर आणि वर रंगीत लाखेचा लेप. त्या लेपामुळे वरून वीज मिळत नाही. तो घेऊन विद्यार्थ्याने सर्किट शिवले तर दिवा लागत नाही आणि दोष टाक्यांवर येतो. धागा घेण्याआधी त्यातून वीज जाते का, हे मल्टिमीटर (वीज मोजायचे छोटे यंत्र) लावून पाहावे.

2015 मध्ये एका बड्या इंटरनेट कंपनीने स्पर्श ओळखणारे सूत जाहीर केले. 2017 मध्ये एका जीन्स कंपनीबरोबर त्याचे जॅकेट आले. बाहीवरून बोट फिरवले की फोनवरचे गाणे बदलायचे. 2023 मध्ये त्याचे ॲप बंद झाले. कापड शाबूत राहिले, बाही मुकी झाली. घरातल्या वस्तूंसाठी हा मोठा इशारा आहे: पडदा किंवा गोधडी पंधरा-वीस वर्षे वापरायची असते, तिचे काम कुणाच्या दूरच्या सर्व्हरवर अवलंबून ठेवू नये.

आपल्याकडे केंद्र सरकारने 2020 मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी, म्हणजे शोभेपेक्षा कामासाठी बनवलेल्या कापडांसाठी, 1,480 कोटी रुपयांची मोहीम मंजूर केली. खानदेशात तांत्रिक वस्त्र म्हणून रोज नजरेला पडते ती केळीच्या घडाच्या रक्षणासाठी त्यावर चढवलेली कापडी पिशवी, म्हणजे स्कर्टिंग बॅग. वरच्या व्याख्येनुसार ती कार्यात्मक आहे, स्मार्ट नाही.