घरी मराठी बंद केल्यानं पोरांचं इंग्रजी सुधारत नाही

नागपुरात धरमपेठपासून मानेवाड्यापर्यंत आईबाबांना हा सल्ला हमखास मिळतो, की पोराला इंग्लिश मीडियममध्ये टाकलं ना, मग घरी मराठी बंद करा, नाहीतर दोन्हींची खिचडी होते. हे चूक आहे. बोलताना भाषा मिसळणं म्हणजे गोंधळ नाही, दोन भाषा येणारी पोरं जगभर तसंच बोलतात, आणि आपली नागपूरची पोट्टी तर मराठी-हिंदी लहानपणापासून सोबतच बोलतात, त्यांचं काही बिघडलं का? कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की पहिल्या भाषेत कमावलेली समज, म्हणजे कारण सांगणं, गोष्टीचा अर्थ लावणं, वाचून समजून घेणं, हे सगळं दुसऱ्या भाषेत कामी येतं.

उलट घरी मोडकंतोडकं 'ईट फास्ट, सिट हिअर' एवढंच चाललं की पोराच्या कानावर फक्त हुकूम पडतात, गप्पा नाही, आणि आजी तर बिचारी गप्पच होते. फार वाईट वाटतं हे बघून.

इंग्रजी बोलायचा सराव हवाच, पण तो मित्रांसोबत खेळताना, दुकान-दुकान मांडून, चुका न टोकता होऊ द्या. जेवताना मराठीच बोला ना.