गालावर नसलेला व्रण

काही तरुणींच्या गालावर मेकअपने एक व्रण रंगवला होता. कानाकडून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारा, बघताक्षणी नजरेत भरेल असा. हातात आरसा देऊन तो त्यांना दाखवलाही. आता याच चेहऱ्याने एका अनोळखी व्यक्तीशी बोलायचं आणि ती कशी वागली ते येऊन सांगायचं, एवढंच काम होतं. निघण्याआधी संशोधक म्हणाले, रंगाला तडे जाऊ नयेत म्हणून वरून थोडं क्रीम लावतो. क्रीम लावण्याच्या निमित्ताने त्यांनी व्रण पुसूनच टाकला. मुलींना याचा पत्ता नव्हता. परत आल्यावर त्यांनी काय सांगावं? समोरची व्यक्ती टक लावून बघत होती, अवघडली होती, कीव केल्यासारखं बोलत होती.

रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोग 1980 साली प्रसिद्ध केला. शरीराच्या न्यूनगंडाबद्दल बोलायचं झालं की मला हाच प्रयोग आधी आठवतो. व्रण गालावर नव्हताच, तरी त्या प्रत्येक नजरेत तो शोधत होत्या आणि त्यांना तो सापडतही होता. आपल्यापैकी किती जण पोट, रंग, उंची, केस, नाक यांपैकी एखादा व्रण घेऊन रोज घराबाहेर पडतात! तो व्रण आपल्याला दाखवणारा आरसा कुणी हातात दिला, हा खरा प्रश्न आहे.

याचं एक उत्तर फिजीत मिळतं. या बेटांवर भरलेलं, धष्टपुष्ट शरीर चांगलं मानलं जाई. कुणी वाळू लागलं की घरच्यांचं त्या माणसाकडे लक्ष नाही असा अर्थ निघे. नाद्रोगा भागात 1995 साली टीव्ही आला. त्याच सुमारास अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅन बेकर यांनी तिथल्या 63 शाळकरी मुलींना प्रश्न विचारले आणि 1998 साली पुन्हा 65 मुलींना विचारले. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या वेळी एकही नव्हती. तीन वर्षांनी असं करणाऱ्यांचं प्रमाण 11.3 टक्के होतं. खाण्याबद्दलची घातक वृत्ती दाखवणाऱ्यांचं प्रमाण 12.7 वरून 29.2 टक्क्यांवर गेलं. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, संख्या लहान होती आणि त्या तीन वर्षांत फिजीत इतरही बरंच काही बदलत होतं, त्यामुळे सगळं खापर टीव्हीवर फोडता येणार नाही. पण पडद्यावरच्या पात्रांसारखं दिसायचंय, असं त्या मुलींनी स्वतःच सांगितलं होतं.

पडदा हे घडवतो कसं? यातला एक भाग इच्छेशी निगडित नसून थेट डोळ्यांशी निगडित आहे, आणि तो समजून घेतला तर स्वतःला दोष देणं बरंच कमी होईल असं मला वाटतं. उन्हातून अंधाऱ्या खोलीत आलो की काही मिनिटांत नजर सरावते. शरीरांच्या आकाराबाबतही मेंदू असंच करतो. मुद्दाम बारीक केलेल्या शरीरांची चित्रं काही मिनिटं दाखवली, तर त्यानंतर नेहमीच्या बांध्याचं चित्रसुद्धा जाड वाटू लागतं. ‘सर्वसाधारण’ म्हणजे काय याचं माप मेंदू नजरेसमोरून जाणाऱ्या गोष्टींवरून सतत जुळवत राहतो. ते जुळवताना तो तुमची परवानगी घेत नाही. दिवसभर निवडक, घासूनपुसून गुळगुळीत केलेले देह समोरून सरकत असतील, तर संध्याकाळी आरशातला माणूस खटकणारच.

माझी तेरा वर्षांची भाची एकदा हातातल्या फोनने स्वतःचे फोटो काढत होती. काढायचा, बघायचा, पुसायचा. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, “मावशी, माझं नाक एवढं मोठं आहे?” मी फोन घेतला, पाच पावलं मागे गेले आणि तिचा फोटो काढला. ती बराच वेळ तो बघत राहिली. कारण साधं भूमितीचं आहे. कॅमेरा जवळ असला की नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक मोठा होतो आणि पुढे असलेली गोष्ट फुगते. 2018 साली अमेरिकी संशोधकांनी याचं गणित मांडलं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. कॅमेऱ्याची ही चूक किती मुलं आपल्या चेहऱ्याच्या खात्यावर मांडत असतील!

त्यातून तुलना येते. माणूस स्वतःला जोखण्यासाठी इतरांशी तुलना करतो, आणि तीही शक्यतो आपल्यासारख्यांशी, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 सालीच मांडलं होतं. जाहिरातीतली मॉडेल निदान परकी असते. वर्गातल्या मैत्रिणीचा फिल्टर लावलेला चेहरा मात्र ‘आपल्यातलाच’ वाटतो, म्हणून तो जास्त लागतो.

या सगळ्याची किंमत फक्त उदास वाटण्यापुरती नसते. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एकेकट्याला, मोठा आरसा असलेल्या खोलीत काहीतरी घालून बघायला सांगितलं. काहींना स्वेटर, काहींना पोहण्याचा पोशाख. तो अंगावर असतानाच गणितं सोडवायची होती. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. तरीही पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटर घातलेल्या मुलींपेक्षा कमी गुण मिळाले. मुलग्यांच्या गुणांत तसा फरक पडला नाही. मी कशी दिसते यावर पहारा ठेवायलाही बुद्धी खर्च होते, असा संशोधकांनी याचा अर्थ लावला. बघणारं कुणी नसताना हा पहारा चालू राहतो, हे मला सगळ्यांत क्लेशदायक वाटतं.

मुलगे यातून सुटलेत असं मात्र नाही. लहान मुलांच्या खेळण्यातल्या सैनिकाला खऱ्या माणसाएवढं केलं तर दंडाचा घेर किती भरेल, हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. 1964 सालच्या सैनिकाचा दंड सुमारे 12 इंच भरला आणि 1990च्या दशकातल्या सर्वांत पिळदार सैनिकाचा जवळजवळ 27 इंच. कितीही व्यायाम केला तरी आपण किरकोळच आहोत, असं वाटत राहण्याच्या विकाराचं वर्णनही पोप यांच्याच गटाने केलं.

उपाय म्हणून फ्रान्सने 2017पासून आणि नॉर्वेने 2022पासून जाहिरातीतल्या बदललेल्या देहांवर तशी सूचना छापणं बंधनकारक केलं. हेतू चांगला आहे, पण अशा सूचनांनी बघणाऱ्याची नाराजी कमी होत नाही, असंच बहुतेक प्रयोगांत दिसलं. मला याचं नवल वाटत नाही. सूचना वाचून होईपर्यंत डोळ्यांनी आपलं माप हलवलेलं असतं. मुळात बघणंच कमी केलं तर फरक पडतो. कॅनडातल्या एका प्रयोगात 17 ते 25 वयोगटातल्या 220 तरुणांपैकी एका गटाने तीन आठवडे सोशल मीडियाचा वापर जवळपास निम्म्यावर आणला. आपलं रूप आणि वजन याबद्दलचं त्यांचं मत सुधारलं. दुसऱ्या गटाचं होतं तिथेच राहिलं.

आणखी एक उपाय आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस यांच्या उपक्रमात मुली सडपातळपणाच्या हट्टापायी काय काय गमवावं लागतं, याबद्दल आपल्याहून लहान मुलीला पत्र लिहितात. दुसऱ्याला मनापासून समजावताना आपलं मनही वळतं, हे त्यामागचं तत्त्व. त्याचा परिणाम तीन वर्षांनंतरही टिकल्याचं दिसलं आहे.

भाचीला मी अजून पत्र लिहायला सांगितलेलं नाही. तिच्यासमोर कुणाच्याही अंगकाठीवर, माझ्या स्वतःच्याही, बोलायचं नाही एवढं मात्र ठरवलंय. “बारीक झालीस गं”, “माझं पोट बघ कसं सुटलंय”, “चेहरा किती उतरलाय तुझा”. दिवसातून कितीदा जीभ आवरावी लागते हे लक्षात आलं आणि मी हादरले. तिच्या हातात आरसा देणाऱ्यांत मीही होते.