ढगांआडचं ग्रहण आणि आयनांबरातली लाट

२ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाची खग्रास पट्टी उत्तर आफ्रिका आणि अरबस्तान ओलांडून सोमालियाच्या टोकावरून हिंदी महासागरात उतरेल. गोव्यात ते दुपारनंतर खंडग्रास असेल. पण आषाढ अमावास्येच्या आभाळाचा काय भरवसा! चष्मे घेऊन मिरामारच्या किनाऱ्यावर जमणाऱ्यांना सूर्य दिसेलच असं नाही. हवेच्या वरच्या, सुट्या इलेक्ट्रॉनांच्या थराचा, म्हणजे आयनांबराचा अभ्यास करणाऱ्याला मात्र ढग आडवे येत नाहीत, कारण उपग्रहांचे रेडिओ संकेत त्यांतून आरपार येतात.

जमिनीपासून ४५-५० किमी उंचीवर ओझोन अतिनील किरण शोषून हवा तापवतो. चंद्राची सावली आली की ही ऊब अचानक तुटते, हवा थोडी थंड होऊन खाली बसते आणि मग वरखाली डोलू लागते. याच गुरुत्व तरंग. (कृष्णविवरांच्या टकरींतून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी वेगळ्या. इथे गुरुत्वाकर्षण फक्त हललेल्या हवेला जागेवर ओढतं.) सावलीचा वेग सहसा ताशी १७०० किमीच्या खाली येत नाही, म्हणजे ती ध्वनीलाही मागे टाकते. मासेमारीबंदी उठल्यावर मालीम जेटीवरून मांडवीत निघालेला ट्रॉलर पाहा: बोट लाटांपेक्षा वेगाने जाते, म्हणून तिच्यामागे पाण्याची पाचर उमटते. तशीच पाचर सावलीमागे हवेत उमटायला हवी, असं चिमोनास आणि हाइन्स या शास्त्रज्ञांनी १९७० साली मांडलं.

वर जाताना या तरंगा मोठ्या होतात. १०० किमीवरची हवा ४५ किमीवरच्या हवेपेक्षा सुमारे ३५०० पट विरळ असते. ऊर्जा तेवढीच आणि हलवायचं वस्तुमान कमी, त्यामुळे वाटेत घट झाली नाही तर आंदोलन सुमारे ६० पट वाढतं. खाली सेकंदाला १० सेंमी हललेली हवा तिथे ६ मीटरने हलते आणि सोबत आयनांबरातले इलेक्ट्रॉनही ढकलते.

२१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात एमआयटीच्या हेस्टॅक वेधशाळेने उपग्रहांचे संकेत टिपणाऱ्या सुमारे २००० ग्राहकयंत्रांच्या नोंदींतून अशी पाचर दाखवली: तरंगलांबी ३००-४०० किमी, वेग सेकंदाला २८० मीटर. पुढे शंका निघाली. सूर्यबिंबावरचे तेजस्वी प्रदेश चंद्राआड एकेक करून जातात, तसे अतिनील किरण, आणि त्यांनी सुटे होणारे इलेक्ट्रॉन, पायऱ्यापायऱ्यांनी घटतात, आणि संथ चढउतार गाळून काढलेल्या आलेखात त्या पायऱ्याही लाटेसारख्याच दिसतात. मला ही शंका फार मोलाची वाटते. मोजणी करणाऱ्याने ती पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवावी.

मोजायचं कसं? दोन वारंवारितांचं जीपीएस ग्राहकयंत्र लागतं, १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झचं. आयनांबर या दोन संकेतांना कमीजास्त प्रमाणात रेंगाळवतं, आणि त्या फरकातून वाटेतले इलेक्ट्रॉन मोजता येतात. एक एकक म्हणजे दर चौरस मीटरच्या स्तंभात १ वर १६ शून्यं इतके इलेक्ट्रॉन. त्याने दोन संकेतांत १०.५ सेंमी फरक पडतो. लाट ०.०५ एककाची असेल तर फरक जेमतेम अर्धा सेंमी, म्हणून मोजणी वाहक लहरीच्या कलेवरच (लहर आवर्तनात कुठवर आली आहे त्यावरच) करावी लागते. संकेतातल्या कोडवरून काढलेल्या अंतराचा गोंगाट याच्या कितीतरी पट मोठा असतो.

गोव्यात खरी पंचाईत गच्चीवर होते. पावसासाठी घातलेले पत्रे आकाश झाकतात, संकेत परावर्तित करतात, आणि भिजलेल्या माडाच्या झावळ्या तो तोडतात. यंत्राच्या मोजणीतून लहरीचं एक आवर्तन निसटलं की आलेखात सुमारे १.८ एककांची उडी येते, म्हणजे लाटेच्या तीसपटीहून मोठी. अँटेना पत्र्यांच्या वर न्यावी, दर ३० सेकंदांनी नोंद घ्यावी आणि क्षितिजापासून ३० अंशांखालचे उपग्रह सोडून द्यावेत. परावर्तनाची चूक दुसऱ्या दिवशी साधारण ४ मिनिटं आधी जवळपास तशीच परत येते, त्यामुळे आदल्या दिवशीच्या नोंदीवरून ती ओळखता येते.

एका यंत्राने लाटेची दिशा कळत नाही. पणजी, कोल्हापूर आणि हुबळी हा त्रिकोण सोयीचा आहे, कारण पणजीपासून दोन्ही ठिकाणं हवाई अंतराने सुमारे १४० किमीवर, अर्ध्या तरंगलांबीच्या आत आहेत. २८० मीटर वेगाच्या लाटेला तेवढं अंतर कापायला आठ-सव्वाआठ मिनिटं लागतील. तिचा आवर्तकाळ १८ ते २४ मिनिटं, म्हणून संथ चढउतार काढण्यासाठी सरकती सरासरी वजा करताना तिची खिडकी तासाभराची ठेवावी. पंधरा मिनिटांची ठेवली तर लाटेचाही काही भाग पुसला जाईल.

आता अवघड भाग. खग्रास पट्टी गोव्यापासून जवळात जवळ सुमारे २००० किमीवरून जाईल, आणि सावली पृथ्वी सोडेल ती आपल्या सव्वापाचच्या सुमारास. पट्टीच्या जवळच्या भागातून निघालेली लाट इथे यायला दोन तास, म्हणजे ऐन सूर्यास्ताची वेळ. संधिप्रकाशाची, म्हणजे दिवस-रात्रीमधली सीमारेषाही स्वतःच्या तरंगा उठवते, आणि घाटावर गडगडाटी ढग असतील तर त्यांच्या वेगळ्या. म्हणून ग्रहणाच्या आधीचे आणि नंतरचे किमान पाच-पाच दिवस त्याच वेळेची नोंद ठेवावी, भूचुंबकीय वादळाचे दिवस वगळावेत आणि सीमारेषेची लाट कुठून येते ते पाहून ठेवावं. सीमारेषा पूर्वेकडून येते. ग्रहणाची लाट नैऋत्येकडून यायला हवी.