आंबोलीला पूर्ण, मालवणला निम्मी: सुट्टीतल्या नमाजेची पार्श्वभूमी

एप्रिल-मे आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुसलमान घरांत सहलींची आखणी सुरू होते, आणि गाडीत बॅगा चढवता चढवता एक प्रश्न हमखास निघतो: तिथं कसर करायची की पूर्ण पढायची? उभं राहणं, वाकणं, माथा टेकणं असं नमाजेतलं एक आवर्तन म्हणजे रकात. प्रवासात चार रकातींची नमाज दोन रकातींवर आणायची, ही कसर. जोहर (दुपारची), असर (तिसऱ्या प्रहराची) आणि इशा (रात्रीची) या तीनच नमाजांना ती लागू होते. पहाटेची फजर मुळात दोन रकातींची आणि सूर्यास्तानंतरची मगरिब तीन, त्यांना हात लावायचा नाही. नियम एवढासाच. पण तो कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, याचा हिशोब चौदाशे वर्षं चाललाय. बेळगावच्या माणसाची पंचाईत अशी की या हिशोबाला घाटावर एक उत्तर मिळतं आणि घाटाखाली दुसरं.

मूळ आधार कुराणाच्या चौथ्या सुरेतल्या 101 व्या आयतीचा. प्रवासात नमाज कमी केली तर दोष नाही, असं तिथं म्हटलंय, पण शत्रू त्रास देईल अशी भीती असेल तर, असाही उल्लेख आहे. मग भीतीच उरली नाही तर? हा प्रश्न हजरत उमर यांनी खुद्द प्रेषितांनाच विचारला होता. हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या नोंदींत, त्याचं उत्तर आहे: ही अल्लाहने तुम्हाला दिलेली देणगी आहे, ती घ्या. पुढचं सगळं शास्त्र या उत्तरावर उभं राहिलं. सवलत भीतीवर किंवा हालअपेष्टांवर बेतलेली नाही, प्रवासावर बेतलेली आहे. म्हणून एसी गाडीत गाणी ऐकत गोव्याला निघालेल्यालाही ती मिळते आणि उन्हात सायकल हाणत शेजारच्या गावी गेलेल्याला मिळत नाही. हनफी आणि शाफई ही सुन्नी धर्मशास्त्राची दोन मतं. हनफी मतात तर प्रवासाचं कारणही विचारलं जात नाही. सहल असो, व्यापार असो, हजयात्रा असो. शाफई मतात मात्र पापाच्या कामाला निघालेल्याला सवलत नाही. गोव्याला निघालेल्या पोरांना एखादा मामू यावरून चिमटा काढतोच.

आता प्रवास म्हणायचं कशाला? हनफी पंडितांनी तीन दिवसांची वाट हे माप धरलं. आधार दुसऱ्याच एका नियमाचा. वजू करताना, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुताना, चामडी मोज्यांवरून ओला हात फिरवायची मुभा घरी असलेल्याला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्री आहे. त्यावरून खरा प्रवास किमान तीन दिवसांचा, असं ठरलं. चाल उंटाची किंवा पायी माणसाची, तीही मधल्या गतीची. हे माप शेकडो वर्षं बिनबोभाट चाललं, कारण सगळेच त्या गतीने जात होते.

आगगाडी आली आणि ते मोडलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला मिरज-बेळगाव-लोंढा हा लोहमार्ग झाला, तेव्हा तीन दिवसांची वाट सकाळ-दुपारच्या मधे उरकू लागली. हिंदुस्थानभरच्या मुफ्तींपुढे, म्हणजे धर्मशास्त्राचा निर्णय देणाऱ्यांपुढे, तोच पेच होता: दिवस मोजायचे की अंतर? कौल अंतराच्या बाजूने पडला आणि मंजिलींचे, म्हणजे दिवसाच्या वाटचालीच्या टप्प्यांचे, मैल झाले. हनफींमधल्याच देवबंदी परंपरेने दिवसाला 16 मैल धरून 48 मैल ठरवले, म्हणजे 77 किलोमीटरच्या थोडं वर. त्यांच्यातल्याच बरेलवी परंपरेचा हिशोब सुमारे 92 किलोमीटरवर जातो. हे अंतर घरापासून मोजायचं नाही, गावाची वस्ती संपते तिथून मोजायचं, आणि ज्या रस्त्याने जाणार त्याच रस्त्याचं.

हे दोन आकडे बेळगावच्या नकाशावर ठेवून बघा. गोकाकचा धबधबा आत. आंबोली साधारण सत्तर किलोमीटर, तीही आत. धुक्यात, पावसात कितीही परमुलखात आल्यासारखं वाटलं तरी नमाज पूर्णच. निपाणी पंच्याहत्तरच्या आसपास, म्हणजे अगदी उंबऱ्यावर. दांडेलीचं अंतर या दोन आकड्यांच्या मधे कुठंतरी येतं, तेव्हा एकाच जीपमधून गेलेले दोघे मित्र तिथं वेगवेगळी नमाज पढू शकतात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. मालवण, पणजी, विजापूर, कोल्हापूर यांच्याबद्दल वादच नाही.

1956 पासून आपण ज्या सीमेसाठी भांडतोय, ती मात्र या हिशोबात कुठंच येत नाही. चंदगड मुंबई राज्यात राहिलं म्हणून आज ते महाराष्ट्रात आहे, पण बेळगावहून चंदगडला गेलेला माणूस मुसाफिर होत नाही. उलट आपल्याच जिल्ह्यातल्या अथणीला गेलेला होतो.

खरी सीमा सह्याद्रीची आहे. घाटावरचे आपण बहुतेक हनफी, कोकणातले मुसलमान शाफई. अरबस्तानातून समुद्रमार्गे आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर शाफई मत किनाऱ्यावर उतरलं आणि कोकणापासून भटकळ, मलबारपर्यंत रुजलं. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता कर्नाटक किनाऱ्यावरच्या होन्नावरला उतरला, तेव्हा तिथले लोक शाफई असल्याची नोंद त्याने केली आहे. दख्खनच्या पठारावर इस्लाम आला तो उत्तरेकडून, तुर्क, इराणी, सूफी आणि सरदारांबरोबर. बहमनी वजीर महमूद गवानने 1472 च्या सुमारास बेळगाव घेतलं, पुढे ते आदिलशाहीत गेलं. आदिलशहांचा राजधर्म शिया-सुन्नी असा आलटून पालटून बदलत राहिला, पण सामान्य वस्तीत शेवटी टिकलं ते हनफी वळण.

त्यामुळे सुट्टीत घाट उतरलेल्या बेळगावकराला पहिला धक्का असरच्या अजानला बसतो. जेवून जरा आडवं व्हावं तोवर अजान. शाफई मतात वस्तूची सावली, माध्यान्हीची सोडून, वस्तूएवढी झाली की असरची वेळ लागते. हनफी मतात ती दुप्पट व्हावी लागते. फजरला इमाम दुसऱ्या रकातीत रुकूनंतर, म्हणजे कमरेत वाकून उठल्यावर, हात वर करून दुआ मागतो आणि पाहुणा गोंधळून आजूबाजूला बघतो. आणि इमाम स्थानिक असेल तर त्याच्या मागे मुसाफिरालाही पूर्ण चार रकाती पढाव्या लागतात, कसर बाजूला. मुसाफिरच इमाम झाला तर तो दोन रकातींवर सलाम फिरवून नमाज संपवतो, मी मुसाफिर आहे, तुम्ही आपली पूर्ण करा असं सांगतो, आणि मागचे उभे राहून उरलेली संपवतात.

शाफई प्रवासी आणखी एक गोष्ट करतो. तो जोहर-असर एका वेळी आणि मगरिब-इशा एका वेळी अशा जोडून पढू शकतो. सावंतवाडीहून दुपारी निघून बेळगावला यायचं तर त्याला घाटात गाडी थांबवायची गरज नाही. हनफी मतात असं जोडणं हजच्या वेळी मक्केजवळच्या अरफात आणि मुजदलिफा इथंच. त्यावर हनफी लोकांनी काढलेली वाट म्हणजे जोहर तिच्या शेवटच्या वेळेला पढायची आणि जरा थांबून असर तिच्या पहिल्या वेळेला. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

ताटाबाबतही तेच. मालवणात यजमान कौतुकाने कुर्ल्या आणि तिसऱ्यांचं सुकं वाढतो. शाफईला समुद्रातलं बहुतेक सगळं चालतं. हनफीला फक्त मासा. कोळंबी मासा आहे की नाही यावर हनफींमध्येच दोन तट आहेत, आणि माझ्या मते त्या वादाची मिटवामिटवी कोळंबीच्या चवीनेच जास्त झाली आहे.

रोजाची सवलत वेगळी. दुसऱ्या सुरेतल्या 184 आणि 185 या आयतींप्रमाणे आजारी आणि मुसाफिर यांनी ते दिवस नंतर भरून काढायचे. नमाज कमी झाली ती झाली, रोजा मात्र उधार राहतो. हनफी मतात पहाट उजाडल्यावर घरून निघालात तर त्या दिवसाचा रोजा ठेवावाच लागतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. 2019 ते 2022 तो उन्हाळी सुट्टीत येत होता, आता हिवाळ्याकडे चाललाय. 2030 मध्ये तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा सुरू होईल, म्हणजे नाताळच्या सुट्टीतला गोवा तिथून दोन-तीन वर्षं रमजानातच.

मुक्कामाचा हिशोब राहिला. हनफी मतात एका गावात पंधरा किंवा जास्त दिवस राहायचं ठरवून आलात तर तुम्ही मुकीम, म्हणजे तिथले रहिवासी, नमाज पूर्ण. शाफई मतात येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस पुरतात. जन्मगावी, जिथं आपलं घर अजून आहे तिथं, एका रात्रीसाठी आलं तरी पूर्णच. म्हणून पुण्यात नोकरी करणारा मुलगा शनिवार-रविवार निपाणीला आला तर कसर करत नाही. पण त्याची बहीण लग्न होऊन सोलापूरला कायमची नांदत असेल आणि मे महिन्यात आठ दिवसांसाठी माहेरी आली, तर हनफी मुफ्ती सांगतात की ती मुसाफिर. तिचं घर आता सासर. पुष्कळ आयांना हे ऐकून राग येतो. मग आई म्हणते, दोन दिवस आणखी राहा की, आणि दोनाचे चार, चाराचे वीस होतात. तरी एकदम पंधरा दिवसांचा बेत केलेला नसल्यामुळे नमाज दोनच रकातींची राहते. हजरत उमर यांचे चिरंजीव अब्दुल्ला बिन उमर अझरबैजानमध्ये बर्फात सहा महिने अडकले होते, आणि उद्या निघू, परवा निघू करत सहाही महिने कसरच करत होते.