पुण्याहून निघालेली बुलेट ट्रेन

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनवरची चर्चा बहुतेक वेळा १४ सप्टेंबर २०१७ पासून सुरू होते. त्या दिवशी साबरमतीला नरेंद्र मोदी आणि शिंजो आबे यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. पण तोवर या मार्गाबद्दलचे सगळे मोठे निर्णय होऊन गेले होते. कोणती शहरं जोडायची, रूळ किती रुंद ठेवायचे, पैसा कोणाचा घ्यायचा, हे सगळं त्याआधीच्या आठ वर्षांत अहवालांमधून आणि करारांमधून पक्कं झालं. त्या आठ वर्षांकडे आपण पुरेसं पाहिलेलं नाही.

अतिवेगवान गाडीची कल्पना त्याहून जुनी आहे. ऐंशीच्या दशकात माधवराव शिंदे रेल्वेमंत्री असताना दिल्ली–आग्रा–कानपूर मार्गाचा विचार झाला होता. बांधकामाचा खर्च फार आणि त्या प्रमाणात तिकीट लोकांना परवडणार नाही, असं दिसल्यावर तो मागे पडला. पुढे लालूप्रसाद यादव यांच्या २००७-०८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात ताशी ३०० ते ३५० किलोमीटर वेगाच्या मार्गांच्या प्राथमिक अभ्यासाची घोषणा झाली. डिसेंबर २००९ मध्ये ममता बॅनर्जी यांनी संसदेत मांडलेल्या ‘व्हिजन २०२०’ मध्ये असे सहा मार्ग आले. त्यात पश्चिम भारतासाठी जो मार्ग होता, तो पुणे–मुंबई–अहमदाबाद. सुमारे ६५० किलोमीटर लांबीचा, आणि सुरुवात पुण्यापासून.

प्राथमिक अभ्यास राइट्स ही भारतीय रेल्वेची सल्लागार कंपनी, फ्रान्सची सिस्त्रा आणि इटलीची इटालफेर यांनी मिळून केला. त्यात पुण्याकडच्या टप्प्यावर लोणावळ्याचं स्थानकही सुचवलेलं होतं. मग मार्च २०१३ मध्ये रेल्वे बोर्डाने मुंबई–पुणे हा तुकडा वगळला. कारण पैशांचं दिलं गेलं. ते खोटं म्हणता येणार नाही. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्येच वर चढली, पण ३७ फुटांना एक फूट असा तिचा चढ आहे. त्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे ढकलणारी बँकर इंजिनं जोडावी लागतात, तेव्हा कुठे गाडी खंडाळ्याला पोहोचते. अतिवेगवान गाडीला खरं तर चढाचं फार भय नसतं. पॅरिस–लिऑन मार्गावर साधारण २८ फुटांना एक फूट इतका चढ आहे आणि गाड्या तो सहज चढतात. अडचण वळणांची असते. ताशी ३०० किलोमीटरला काही किलोमीटर त्रिज्येची वळणं लागतात, आणि सह्याद्रीत तेवढी जागा म्हणजे बोगद्यामागून बोगदे. खर्च तिथे वाढतो.

तरीही माझं स्पष्ट मत आहे की तो निर्णय चुकला. मुंबई–पुणे ही १९२ किलोमीटरची वाट रोज लाखो लोक रेल्वेने, एसटीने आणि एक्स्प्रेस-वेने पार करतात. १ जून १९३० ला सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला आजही तीन तासांहून अधिक लागतात. महाराष्ट्रासाठी या प्रकल्पाचा सर्वांत उपयोगी भाग हाच होता. तो वगळताना राज्यात त्यावर हवी तशी चर्चाच झाली नाही.

पुणे गळालं आणि त्याच वर्षी जपान आला. सप्टेंबर २०१३ मध्ये मुंबई–अहमदाबादच्या संयुक्त अभ्यासाचा करार झाला, त्याचा अंतिम अहवाल जुलै २०१५ मध्ये आला आणि १२ डिसेंबर २०१५ ला दिल्लीत दोन्ही पंतप्रधानांनी करार केला. अंदाजे खर्च १ लाख ८ हजार कोटी रुपये. त्यातल्या ८१ टक्क्यांपर्यंत जपानचं कर्ज, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं परतफेड नाही. इतक्या स्वस्त दराने कर्ज दुसरीकडे मिळणं कठीणच होतं. पण त्याबरोबर शिंकान्सेनची, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनची पूर्ण पद्धत आली, आणि १४३५ मिलिमीटरचा रूळमार्गही आला, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं.

हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण त्याचे परिणाम शंभर वर्षं राहतील. जपानची जुनी रेल्वे १०६७ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवर होती. तोक्यो–ओसाका हा ‘तोकाइदो’ पट्टा देशाच्या रेल्वे वाहतुकीचा जवळपास चौथा हिस्सा वाहत होता आणि त्यात आणखी गाड्या घालायला जागा उरली नव्हती. म्हणून त्यांनी शेजारून वेगळ्या, रुंद रुळांची नवी लाइन बांधली. जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं आणि १ ऑक्टोबर १९६४ ला ५१५ किलोमीटरचा मार्ग सुरू केला. खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला. रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा यांना त्यापायी १९६३ मध्येच पद सोडावं लागलं. ज्यांनी हे स्वप्न उभं केलं, ते उद्घाटनाच्या समारंभात नव्हते.

भारतातली मुख्य लाइन मात्र १६७६ मिलिमीटरची, म्हणजे शिंकान्सेनपेक्षाही रुंद. फ्रान्समध्ये टीजीव्ही ही तिथली अतिवेगवान गाडी नव्या लाइनवरून उतरून जुन्याच रुळांनी शहराच्या मध्यवर्ती स्थानकात जाते. आपल्याकडे तसं होणार नाही. बुलेट ट्रेन दादरला किंवा मुंबई सेंट्रलला कधीच येऊ शकणार नाही. तिला स्वतःची जागा हवी, आणि ती वांद्रे-कुर्ला संकुलात मिळाली, जमिनीखाली. तिथून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला सात किलोमीटर ठाणे खाडीच्या तळाखालून. वेगळी लाइन बांधणं मला योग्यच वाटतं. १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत आलेल्या जुन्या बीबीसीआय (आजच्या पश्चिम रेल्वेच्या) मार्गावर आज विरार-डहाणूच्या लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या एकमेकींना खेटून धावतात. तिथे वेग वाढवायला वाव फार थोडा आहे.

एकूण लांबी ५०८ किलोमीटर ठरली. त्यातले सुमारे १५६ किलोमीटर महाराष्ट्रात, बाकी गुजरातेत आणि थोडे दादरा-नगर हवेलीत. बारा स्थानकांपैकी मुंबई, ठाणे, विरार आणि बोईसर ही चार आपली. फेब्रुवारी २०१६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय हायस्पीड रेल महामंडळात दोन्ही राज्यांचा वाटा मात्र सारखाच, प्रत्येकी पाच हजार कोटी.

हे सगळं ठरल्यानंतर पालघरला विचारलं गेलं. डहाणू, तलासरी हे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले, म्हणजे आदिवासी क्षेत्रातले तालुके. अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यानुसार जमीन घेण्यापूर्वी तिथल्या ग्रामसभांशी विचारविनिमय व्हायला हवा. पण सल्ला मागायचा तेव्हा रेषा आधीच आखलेली असेल, तर ग्रामसभेच्या हातात फक्त मोबदल्याची रक्कम उरते. चिकूच्या बागायतदारांनी आणि आदिवासी संघटनांनी २०१८ मध्ये जो विरोध केला, त्याचं मूळ इथे होतं. वाढलेल्या बागेचं एका वर्षाच्या पिकावरून मोल करता येत नाही. कलम लावल्यापासून नीट उत्पन्न यायला बरीच वर्षं जातात आणि मग ती बाग पिढीभर घर चालवते.

आक्षेप वेळेत घेतला आणि ऐकला गेला तर आराखडा बदलता येतो, याचं उदाहरण याच प्रकल्पात आहे. सुरुवातीला ५३ हजारांहून अधिक खारफुटीची झाडं तोडावी लागणार होती. ठाणे स्थानकाच्या पार्किंगसारख्या सोयी खारफुटीबाहेर हलवल्यावर आकडा ३२ हजारांवर आला. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी दिली तेव्हा तो सुमारे २२ हजार होता. स्थानक ठाण्यातच राहिलं.

बाकीचा इतिहास जवळचा आहे. नोव्हेंबर २०१९ नंतर महाविकास आघाडीच्या काळात राज्यातलं काम रेंगाळलं, जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारने अडलेल्या मंजुऱ्या दिल्या. या मार्गासाठी लागणाऱ्या विक्रोळीच्या जमिनीचा खटला फेब्रुवारी २०२३ मध्ये निकाली निघाला, आणि लागणारी सुमारे १३९० हेक्टर जमीन ताब्यात आल्याचं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं.

दरम्यान मुंबई–नाशिक–नागपूर आणि मुंबई–पुणे–हैदराबाद हे मार्गही अभ्यासाला घेतले गेले. त्यांचे अहवाल मराठीत, गावांच्या नावांसह आणि नकाशांसह, रेषा पक्की होण्याआधी शहापूर, इगतपुरी, मावळच्या ग्रामपंचायतींत पोहोचायला हवेत.